नळाच्या निवडणुकीत दिल्ली कशी शिरते

डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीतलं एक प्रचारपत्रक मी अजून जपून ठेवलंय. गावाचं नाव सांगत नाही, कारण अशी पत्रकं त्या दिवसांत राज्यभर दारोदार पडत होती. चार पानं, गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर नेत्यांचे नऊ फोटो: वरच्या ओळीत देशाचे, मधल्या ओळीत राज्याचे, त्याखाली जिल्ह्याचे. उमेदवार अगदी तळाला, हात जोडून. आत सीमेवरच्या कारवाईचा मजकूर, मंदिराचं चित्र, महामार्गांचे किलोमीटर. 'पाणी' हा शब्द चार पानांत एकदाच होता, तोही 'मुबलक' या शब्दाला जोडून.

ज्या मावशींच्या ओट्यावर बसून मी ते वाचत होतो, त्यांच्या दारासमोरच्या नालीवरची फरशी पावसाळ्यात फुटली होती. येण्या-जाण्यासाठी त्यांनी तिथे एक जुनं लाकडी दार आडवं टाकलं होतं. चष्मा सापडेना म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "नालीचं काय लिहिलंय रे?" मी चारही पानं पुन्हा बघितली. काहीच नव्हतं. "मग ही निवडणूक कशाची आहे?"

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आपण नेहमी ऐकतो. पहिलं, नेते मुद्दाम लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवतात. दुसरं, लोकांनाच गटारापेक्षा देशाच्या गोष्टींत जास्त रस असतो. दोन्हींत तथ्य आहे. पण एवढ्यावर थांबलो तर मतदाराला भोळा ठरवून आपण मोकळे होतो, आणि तो भोळा नाही. नगरपालिका आणि महापालिका ज्या पद्धतीने बांधल्या गेल्या आहेत, त्यात पैसा, अधिकार आणि जाब या तिन्ही दोऱ्या वरच्या खुंटीला बांधलेल्या आहेत. लोक ते ओळखून आहेत. म्हणून त्यांचीही नजर वर जाते.

अधिकारापासून सुरुवात करू. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनेत जागा मिळाली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आली. बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी आली: नगररचना, रस्ते, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, कचरा, अग्निशमन, झोपडपट्टी सुधार, बागा, दिवाबत्ती, स्मशानभूमी वगैरे. यादी वाचली की वाटतं, शहर आता नगरसेवकांच्या हाती आलं. पण घटनेची भाषा अशी आहे की हे अधिकार राज्य विधिमंडळ कायद्याने देऊ शकेल. 'देईल' असं तिथे नाही. शहरांचं गेल्या तीस वर्षांचं दुखणं या एका क्रियापदात सापडतं. किती द्यायचं आणि किती हातात ठेवायचं, हे राज्य ठरवतं.

महाराष्ट्रात महापालिकेचा कारभार प्रत्यक्ष चालवतो तो आयुक्त. तो राज्य सरकार नेमतं आणि बदलीही तेच करतं. मुंबईला १८८८ चा कायदा लागू आहे, बाकीच्या महापालिकांना १९४९ चा. दोन्हींत कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत. महापौर अडीच वर्षांसाठी असतो, सभा चालवतो, मानाचा पहिला नागरिक असतो. पण एखाद्या अभियंत्याला 'हे काम उद्या कर' असा थेट हुकूम देण्याची ताकद त्याच्या खुर्चीत नाही. नगरसेवकांची खरी ताकद दोन ठिकाणी आहे. एक सर्वसाधारण सभा, जिला पुण्यात मुख्य सभा म्हणतात. दुसरी स्थायी समिती, जिथे खर्चाचे प्रस्ताव आणि निविदा मंजूर होतात. महापौरपदाच्या बातम्या पहिल्या पानावर येतात, पण पक्षांची आतली ओढाताण स्थायी समितीसाठी असते ती यामुळेच.

शिवाय शहरातलं सगळं काही पालिकेचं नसतं. मुंबईत मेट्रोचं खोदकाम वेगळ्या प्राधिकरणाचं, घरं म्हाडाची आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची, वाहतूक पोलीस गृहखात्याचे, लोकल रेल्वेची. दोन्ही द्रुतगती मार्गसुद्धा २०२२ पर्यंत महापालिकेकडे नव्हते. पुण्यात नळ महापालिकेचा, पण खडकवासल्यातलं पाणी राज्याच्या जलसंपदा खात्याचं. एकाच चौकात उभं राहून चार तक्रारी केल्या, तर चार वेगळी कार्यालयं गाठावी लागतात. अशा वेळी "कोणाचं चुकलं?" या प्रश्नाला माणूस ओळखीचं नाव शोधतो, आणि ते नाव बहुतेक वेळा मुख्यमंत्र्यांचं किंवा पंतप्रधानांचं असतं.

आता पैसा. मला विचाराल तर गाठ सगळ्यात घट्ट बसली आहे ती इथेच.

एकेकाळी जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, हे महापालिकांच्या कमाईचं मोठं साधन होतं. जकात नाक्यांवरच्या रांगा, तिथला भ्रष्टाचार, वाया जाणारं डिझेल, हे सगळं खरं होतं आणि ती जायला हवी होती. पण तो पैसा शहराचा स्वतःचा होता. मुंबईबाहेरच्या महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेकांसाठी बंद झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला त्या दिवशी थांबली. त्याबदल्यात राज्य सरकार दर महिन्याला भरपाई देतं. मुंबईला जुलै २०१७ मध्ये पहिला धनादेश ६४७ कोटींचा मिळाला, तोही जाहीर समारंभात. कमावणारं शहर त्या दिवसापासून धनादेशाची वाट बघणारं शहर झालं.

मालमत्ता कर तेवढा पालिकेचा उरला. त्यावरही वरून हात फिरतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने घेतला, महापालिकेची निवडणूक तोंडावर होती तेव्हा. छोट्या घराला सूट मिळावी की नाही हा वाद वेगळा. मला ती सूट पटते. पण तिजोरी पालिकेची आणि सूट देण्याचं श्रेय राज्यातल्या पक्षाचं, असा हा हिशेब झाला.

मुंबईचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. देशातल्या काही छोट्या राज्यांपेक्षा मोठं. तिथे निदान दंड थोपटायला जागा आहे. एखाद्या 'क' वर्ग, म्हणजे छोट्या शहराच्या नगरपरिषदेकडे मात्र पगार आणि वीजबिल भागवून हातात फारसं राहत नाही. नवी पाणी योजना, मोठा रस्ता, नाट्यगृह, सगळं राज्याच्या किंवा केंद्राच्या योजनेतून येतं. म्हणून प्रचारात 'ट्रिपल इंजिन' हा शब्द चालतो. गल्लीत, मुंबईत आणि दिल्लीत एकच पक्ष असला तर निधी येईल, नाहीतर अडेल, असा त्याचा सरळ अर्थ. मतदाराला तो अर्थ नीट कळतो. वरच्यांचं बघून मत देणारा माणूस त्याच्या परीने नालीचाच विचार करत असतो. हक्काचा निधी कृपेवर अवलंबून ठेवणारी व्यवस्था मात्र मला लोकशाहीला शोभणारी वाटत नाही, आणि हे मी पक्षाचं नाव न घेता म्हणतो, कारण सत्तेत आलेल्या प्रत्येकाने ती तशीच वापरली आहे.

तिसरी गोष्ट मतदान यंत्राजवळ घडते. महाराष्ट्रात प्रभागाचा आकार जवळजवळ दर निवडणुकीला बदलत आला आहे. मुंबईत एक प्रभाग, एक नगरसेवक हे कायम राहिलं. बाकी शहरांत २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार, आणि जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा चार. पुण्यात १६५ जागा ४१ प्रभागांत बसवल्या गेल्या. म्हणजे एकेका प्रभागात सरासरी ८० हजारांहून जास्त लोक. एवढ्या मोठ्या प्रभागात पायी फिरून ओळख करणं उमेदवाराला जमत नाही, आणि चार वेगवेगळ्या माणसांची पारख करणं मतदाराला जमत नाही. मतदार यंत्रासमोर उभा राहतो, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबतो. हात आपोआप ओळखीच्या चिन्हाकडे जातो. चिन्ह देशाच्या पक्षाचं. निवडून आल्यावर "हे काम तुमचं" विचारायला जावं, तर चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

याच्या उलट चित्र बघायचं तर ग्रामपंचायतीकडे बघा. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं. कपबशी, छत्री अशी मोकळी चिन्हं, आणि गावातली पॅनेलं. पक्ष मागून असतातच, निकालानंतर 'आमचे इतके सरपंच' असे आकडेही दोन्हीकडून जाहीर होतात. पण पारावरचं बोलणं पाणंद रस्ता, शाळेची खोली, नळ योजनेची मोटर यांवरच चालतं. चिन्ह काढलं की सगळं निर्मळ होतं असं मी म्हणत नाही. गावात जात आणि भावकी चिन्हाची जागा घेते. तरी मुद्दा गावाच्या शिवेबाहेर जात नाही.

आणखी एक दोरी आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. नगरसेवकांनाही पक्षांतरबंदी लागू आहे, महाराष्ट्रात १९८६ च्या कायद्याने. पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडला तर पद जाऊ शकतं. आपल्या प्रभागाच्या विरोधात जाणाऱ्या प्रस्तावावर हात वर करायची वेळ आली, तर नगरसेवकाला आधी गटनेत्याचं तोंड बघावं लागतं.

आता हे सगळं एका शहरात कसं दिसतं ते बघू. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद घेऊ. तिथे महापालिका १९८२ मध्ये झाली आणि पहिली निवडणूक १९८८ मध्ये. त्या निवडणुकीत शिवसेना शहरात मोठी ताकद म्हणून उभी राहिली आणि त्याच वर्षी बाळासाहेब ठाकरे यांनी शहराला 'संभाजीनगर' हे नाव जाहीर केलं. तेव्हापासून नाव हा तिथल्या जवळपास प्रत्येक निवडणुकीचा विषय राहिला. 'खान हवा की बाण हवा' ही घोषणा त्या शहराने वर्षानुवर्षं ऐकली. २०१५ च्या निवडणुकीत शिवसेनेखालोखाल जागा एमआयएमला मिळाल्या, म्हणजे दोन्ही बाजूंची ओळख एकमेकांच्या आधारावर वाढत गेली. नाव बदलण्याचा अधिकार महापालिकेचा नव्हताच. महापालिका ठराव करू शकत होती, निर्णय राज्याचा, आणि त्याला केंद्राची संमती लागे. ती फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली.

जे काम महापालिकेचं होतं, ते नळाचं. शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर पैठणला जायकवाडी आहे, मराठवाड्यातलं सर्वांत मोठं धरण, नाथसागराचं अथांग पाणी. धरण भरलेलं असतानाही शहराच्या कित्येक वसाहतींना नळाला पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा. तिथले लोक दोन पाण्यांमधल्या दिवसांना 'गॅप' म्हणतात. "तुमच्याकडे गॅप किती दिवसांचा?" हा तिथल्या पाहुण्यांना कळायला वेळ लागणारा प्रश्न आहे. लाइनमन व्हॉल्व्ह कधी फिरवणार यावर घरातल्या बायकांची झोप, कामवालीची वेळ, मुलांची आंघोळ ठरते. खासगी भागीदारीतून आखलेली 'समांतर' जलवाहिनी योजना वादात अडकली आणि बारगळली. मग १,६८० कोटींची नवी योजना आली, तिचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. पुढे खर्च २,७४० कोटींवर गेला. कामाच्या गतीवर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला लक्ष ठेवावं लागलं. जो प्रश्न सभागृहात नगरसेवकांनी धसास लावायचा, तो वकिलांनी लावला.

नावाची अस्मिता खोटी होती असं माझं म्हणणं नाही. लोकांच्या मनात ती खोलवर आहे आणि तिचा मान ठेवलाच पाहिजे. माझी तक्रार एवढीच की तीसहून जास्त वर्षं एकाच सभागृहात दोन विषय होते; एकावर मतं मिळत होती, दुसऱ्यावर मिळत नव्हती, आणि दुसरा विषय सभागृहाच्या हातातला होता.

याच शहराचा पुढचा भाग सगळ्या राज्याला लागू पडतो. २०१५ ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. नवीन निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला, राज्यातल्या बाकीच्या २८ महापालिकांबरोबर. मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती. घटना सांगते की मुदत पाच वर्षांची, आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक व्हायला हवी. मग उशीर का? मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट घातली: आधी आयोगाची पाहणी, तिच्यावरून आरक्षणाचं प्रमाण, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. त्यासाठी बांठिया आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल २०२२ मध्ये आला. तोवर सरकार बदललं, प्रभागांची संख्या आणि रचना बदलली, त्यावर नवे खटले उभे राहिले. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घ्यायचा आदेश दिला.

या मधल्या वर्षांत राज्य सरकारने नेमलेले प्रशासक होते. स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे, सर्वसाधारण सभेचेही त्यांच्याकडे. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. त्यांच्यातले काही कामसू होते, शहरं त्यांची नावं आजही घेतात. पण निवडणूक आली तेव्हा मतदारापुढे तपासायला कोणाचंच प्रगतिपुस्तक नव्हतं. 'मागच्या पाच वर्षांत तुम्ही काय केलंत?' हा स्थानिक निवडणुकीचा पहिला प्रश्न. तो विचारायला समोर कुणी नाही. रिकामी झालेली ती जागा झेंड्याने भरली.

हे महाराष्ट्रापुरतं नाही. दिल्लीत २०१७ पर्यंत भाजप दहा वर्षं सत्तेत होता, आधी एकत्र महापालिकेत आणि २०१२ पासून तिच्या तीन महापालिकांत, आणि कचऱ्यावरून लोक चिडलेले होते. पक्षाने एकाही विद्यमान नगरसेवकाला तिकीट दिलं नाही, पंतप्रधानांच्या नावावर निवडणूक लढवली आणि १८१ जागा जिंकल्या. जाब ज्यांना विचारायचा ते रिंगणातच नव्हते. हैदराबादेत ऑक्टोबर २०२० मध्ये वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. डिसेंबरमध्ये महापालिकेचं मतदान झालं. प्रचाराला केंद्रीय गृहमंत्री आणि उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री आले, शहराचं नाव 'भाग्यनगर' करण्याची भाषा झाली. पुराच्या दहा हजारांच्या मदतीवरूनही बोलणं झालं, ते नाकारता येणार नाही. पण नाले कुणी बुजवले, तलावांच्या पोटात घरं कुणी बांधू दिली, या चर्चेला त्या गदारोळात जागा मिळाली नाही. भाजपच्या जागा चारावरून ४८ वर गेल्या.

राज्यशास्त्रात याला जुनं नाव आहे. युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक १९७९ मध्ये झाली. लोकांनी मतं दिली ती आपापल्या देशातल्या सरकारवरच्या राग-लोभातून. कार्लहाइन्झ राइफ आणि हेरमान श्मिट या दोन अभ्यासकांनी १९८० मध्ये अशा निवडणुकांना 'दुय्यम' म्हटलं. ज्या निवडणुकीत फारसं काही पणाला लागलेलं नाही असं लोकांना वाटतं, तिथे ते मोठ्या निवडणुकीचा हिशेब चुकता करतात.

मग मोठे विषय पालिकेत आणूच नयेत का? मला तसं वाटत नाही. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला तेव्हा ३२ सदस्यांपैकी विरोधात गेले ते एकटे फुले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. साम्राज्याचा प्रश्न होता की शहराच्या हजार रुपयांचा? दोन्हींचा. पण त्यांनी तो सभागृहाच्या हातातल्या आकड्यावर आणून ठेवला. संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५७ मध्ये मुंबई महापालिका जिंकली, तीही राज्याच्या मागणीवर. मोठा विचार सभागृहात येऊ दे. तो आला की शहराचा कोणता रुपया कुठून कुठे जाणार, एवढं त्याने सांगावं.

म्हणून उमेदवार दारात आला की मी सध्या एकच चाळणी लावतो: हे काम तुमच्या सभेच्या ठरावाने होतं का? फरशी, दिवा, नालेसफाई, शौचालयाचं पाणी, कचरागाडीची वेळ, उद्यानाचं कुलूप, पालिकेच्या शाळेतला नळ, ही कामं वरच्या निधीवाचून होतात. मग पुढचे प्रश्न. सभेला किती वेळा बोललात? प्रभाग समितीच्या बैठकीला गेलात का? नगरसेवकांच्या वाट्याचा निधी, पुण्यात ज्याला 'स' यादी म्हणतात, तो कशावर गेला: बाकांवर, कमानींवर आणि नावाच्या पाट्यांवर, की गटारावर? उत्तर दिल्लीकडे वळलं, तर प्रश्न तसाच पुन्हा विचारायचा.

मावशींच्या ओट्यावर त्या आठवड्यात तीन उमेदवार आले. दोघांनी "वरून निधी आला की लगेच" म्हटलं. तिसऱ्याने दार उचलून बघितलं आणि पुन्हा नीट ठेवलं. निकालानंतर मावशींच्या नातवाने नगरपरिषदेत अर्ज दिला आणि पोच घेतली. अंदाजपत्रक मांडायच्या आधी तो पोचावा असं आम्ही ठरवलं होतं. अर्जात नालीचा पत्ता आहे, फरशी फुटल्याचा महिना आहे, आणि माप आहे: तीन फूट बाय दोन फूट.